देशांमधला बांध कोण राखतं?

२०२१ साली बेल्जियममधल्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला एक जुना दगड आडवा येत होता. त्यानं तो उचलला आणि थोडा पलीकडे नेऊन ठेवला. दगडावर १८१९ हे साल कोरलेलं होतं. तो बेल्जियम आणि फ्रान्स यांच्या सीमेवरचा दगड होता. पुढे इतिहासाची आवड असलेला कुणीतरी रानातून फिरताना तिथे पोचला आणि दगड फ्रान्सच्या बाजूला २.२९ मीटर सरकल्याचं उघड झालं. दोन्हीकडच्या गावांनी प्रकरण हसतखेळत घेतलं आणि शेतकऱ्याला दगड मूळ जागी ठेवायला सांगितलं. मात्र त्यानं ऐकलं नाही तर विषय परराष्ट्र मंत्रालयाकडे जाणार होता, आणि १९३० पासून न बसलेला दोन देशांचा सीमा आयोग पुन्हा बसवावा लागणार होता.

जगभर ही बातमी मजेची म्हणून वाचली गेली. मला मात्र त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. दगड हलला तेव्हा सीमा हलली का? नाही, हे आपल्याला आतून कळतं. मग दगड उचलल्यावर सीमा कुठे होती? आणि दगड पुन्हा नेमक्या जागी बसवायचा तर ती जागा कुणाला विचारायची?

देशांमधली सीमा तीन रूपांत असते. पहिलं रूप शब्दांचं. तहात लिहिलेलं असतं की सीमा अमुक डोंगराच्या माथ्यावरून जाईल, तमुक ओढ्यापर्यंत येईल, तिथून सरळ रेषेत पुढे जाईल. दुसरं रूप नकाशाचं. तिसरं रूप जमिनीवरच्या खुणांचं, म्हणजे दगड, खांब, बुरूज. कागदावर सीमा ठरवण्याला सीमानिश्चिती म्हणतात आणि ती जमिनीवर उतरवण्याला सीमांकन. ही दोन कामं वेगळी आहेत. पहिलं मुत्सद्द्यांचं, दुसरं मोजणी करणाऱ्यांचं. आणि या दोहोंनंतर एक तिसरं काम सुरू होतं, ज्याला शेवट नसतो. ते म्हणजे त्या खुणा राखणं.

शब्द, नकाशा आणि खूण ही तिन्ही जुळत असतील तोवर सगळं ठीक. पण ती फार क्वचित तंतोतंत जुळतात. नकाशावरची पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर ती रेघ जमिनीवरचे २५ मीटर झाकते. पंचवीस मीटरांत एक घर, विहीर आणि गोठा मावतो. त्यामुळे रेघ जमिनीवर उतरवणाऱ्या माणसाला रोज काही ना काही ठरवावंच लागतं.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेचा पश्चिमेकडचा भाग ४९व्या अक्षांशावरून जातो, असं आपण शाळेच्या नकाशात पाहतो. प्रत्यक्षात तो तसा जात नाही. एकोणिसाव्या शतकात मोजणीदारांनी ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश काढला आणि खुणा रोवल्या. वेध घ्यायचा तर आधी ‘सरळ वर’ कुठे हे कळायला हवं, आणि ते कळतं ओळंब्यावरून. गवंडी भिंतीला लावतो तोच ओळंबा. पण जवळ मोठा डोंगर असेल तर त्याच्या गुरुत्वाकर्षणानं ओळंबा अगदी किंचित बाजूला ओढला जातो. तेवढ्यानं जमिनीवरची खूण काही ठिकाणी शेकडो फूट इकडे-तिकडे गेली. मग खरी सीमा कोणती, अक्षांशाची की खुणांची? दोन्ही देशांनी उत्तर दिलं: खुणांची. १९२५ च्या करारानं तर एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंतची सरळ रेषा हीच सीमा, असं ठरवून टाकलं. अक्षांशाची वक्र रेषा तहाच्या शब्दांत राहिली आणि जमिनीवर तुटक-तुटक सरळ रेषांची साखळी राहिली.

याच सीमेच्या पूर्वेकडे याहून ठसठशीत गोष्ट घडली. शॅम्प्लेन सरोवराच्या टोकाशी अमेरिकेनं १८१६ मध्ये ब्रिटिशांपासून रक्षणासाठी किल्ला बांधायला घेतला; कॅनडा तेव्हा ब्रिटिशांकडे होता. दोनच वर्षांत नव्या मोजणीत दिसून आलं की सीमा म्हणून ठरलेला ४५वा अक्षांश त्याच्या दक्षिणेला आहे, म्हणजे किल्ला शत्रूच्याच जमिनीवर उभा राहतोय. काम सोडून दिलं गेलं, आसपासच्या लोकांनी दगड उचलून नेले. पुढे १८४२ च्या तहात दोन्ही बाजूंनी ठरवलं की अठराव्या शतकात चुकीची का होईना पण आखली गेलेली जुनी रेषाच मानायची. किल्ल्याची जागा पुन्हा अमेरिकेत आली आणि तिथे नवा किल्ला उभा राहिला.

या गोष्टी वाचून वाटू शकतं की ही ढिलाई आहे. माझ्या मते हा शहाणपणाचा नियम आहे. दोघांनी मिळून रोवलेली आणि पिढ्यान्पिढ्या दोघांनी मानलेली खूण ही नंतरच्या अचूक मोजणीपेक्षा वरचढ असते. नाहीतर दर नव्या उपकरणाबरोबर सीमा नव्यानं काढावी लागली असती. अमेरिका आणि मेक्सिको यांनी १८८२ मध्ये खुणा पुन्हा उभारण्याचा करार केला तेव्हाही हेच तत्त्व धरलं. आधीच्या मोजणीदारांच्या चुका सापडल्या, पण जिथे जुनी खूण सापडली तिथे तीच कायम ठेवली. त्याच करारात दोन खुणांमध्ये आठ हजार मीटरांपेक्षा जास्त अंतर नको असंही ठरलं. १८९०च्या दशकात २५८ खुणा उभ्या राहिल्या. प्रशांत महासागराच्या काठावरची संगमरवरी खूण तर पर्यटकांनी आठवण म्हणून टवके काढून विद्रूप केली होती. ती दुरुस्त करून तिच्याभोवती लोखंडी कुंपण घालावं लागलं.

नकाशाही असाच वरचढ ठरू शकतो. थायलंड आणि कंबोडिया यांच्यातल्या प्रेह विहेअर देवळाच्या वादात १९०४ च्या तहाचे शब्द म्हणत होते की सीमा पाणलोटाच्या रेषेवरून, म्हणजे पाणी जिथून दोन दिशांना वाटलं जातं त्या उंचवट्यावरून जाईल. तेव्हा कंबोडियावर फ्रेंचांचा अंमल होता. फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढलेल्या नकाशात मात्र देऊळ कंबोडियाच्या बाजूला दाखवलं होतं. थायलंडनं कित्येक दशकं त्या नकाशाला हरकत घेतली नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९६२ मध्ये देऊळ कंबोडियाचं ठरवलं. वेळेवर हरकत न घेणं ही या क्षेत्रात संमतीच मानली जाऊ शकते. सीमेची नियमित पाहणी का करायची, याचं हे सगळ्यात व्यवहारी कारण आहे.

आता प्रत्यक्ष काम बघू. बहुतेक शेजारी देश एक संयुक्त आयोग किंवा समिती नेमतात. त्यात दोन्हीकडचे मोजणी खात्याचे अधिकारी असतात, शिवाय परराष्ट्र खात्याचे आणि गरजेप्रमाणे सीमा सुरक्षा दलाचे लोक. कामाची वाटणी साधी असते. सीमेचे भाग पाडून एक भाग एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. किंवा सम क्रमांकाचे खांब एकाचे, विषम क्रमांकाचे दुसऱ्याचे. सिमेंट, मजूर, रंग हा खर्च ज्याच्या त्याच्याकडे. एक नियम मात्र बहुतेक करारांत ठाम असतो: खांबाची डागडुजी एका बाजूनं केली तरी चालेल, पण हरवलेला खांब पुन्हा उभा करताना दोन्ही बाजूंची माणसं जागेवर हवीत. एकट्यानं उभा केलेला खांब हा नुसता दगड असतो.

खांबही एकाच तऱ्हेचे नसतात. रेषा जिथे वळते तिथे मुख्य स्तंभ. दोन मुख्य स्तंभांमध्ये एकमेकांवरून नजर पोचेल अशा अंतरावर उपस्तंभ. दलदलीत, नदीपात्रात किंवा रस्त्याच्या मधोमध खांब टिकत नाही, तिथे दोन्ही काठांवर जोडीनं खांब उभारतात आणि सीमा त्यांच्या मधून गेली असं धरतात. नॉर्वे आणि रशिया यांच्या सीमेवर अशा जोड्या दिसतात. नॉर्वेचा पिवळा खांब, समोर रशियाचा लाल-हिरवा. दोन्ही खांब आपापल्या देशात उभे, आणि सीमा त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

हरवलेल्या खांबाची जागा शोधणं हा या कामातला सगळ्यात कसाचा भाग. आधी जुनी नोंदवही काढतात. प्रत्येक स्तंभाच्या नोंदीत आजूबाजूच्या टिकाऊ खुणांपासूनची अंतरं आणि कोन लिहिलेले असतात: अमुक कातळावरच्या खाचेपासून इतके मीटर, पुढच्या स्तंभाकडे इतके अंश. चांगल्या मोजणीत अशा दोन-तीन साक्षीखुणा तरी असतात, म्हणजे एक गेली तरी दुसऱ्या दोन सांगू शकतात. मग खणतात. कारण जुने मोजणीदार खांबाखाली अशी काहीतरी वस्तू पुरून ठेवत जी कुजत नाही आणि नांगराला सहज लागत नाही. कोळसा, काच, फुटक्या कौलांचे तुकडे. फ्रान्समध्ये शेताच्या हद्दीच्या दगडाखाली एकाच कौलाचे फोडलेले तुकडे ठेवण्याची रीत होती आणि त्यांना ‘साक्षीदार’ म्हणत. वाद झाला की खणून तुकडे काढायचे आणि एकमेकांना जुळवून बघायचे. जुळले तर दगड मूळ जागीच आहे. माणसं मरतात, कागद जळतात, पण जमिनीतलं कौल तसंच राहतं. या युक्तीचं मला फार अप्रूप वाटतं.

खांब शाबूत असून उपयोग नाही, तो दिसला पाहिजे. जंगलात दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर खांब झुडपांत गडप होतो. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंना पट्टा मोकळा ठेवतात. अमेरिका-कॅनडा सीमा ८,८९१ किलोमीटर लांब आहे. तिच्यातल्या जंगलाच्या भागातून सहा मीटर रुंदीचा पट्टा तोडलेला आहे, प्रत्येक देशाच्या बाजूला तीन मीटर. विमानातून तो भांग पाडल्यासारखा दिसतो. दोन हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा हा पट्टा आळीपाळीनं साफ करत राहावं लागतं आणि एक टोक संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला झाडं वाढलेली असतात. या रेषेपासून तीन मीटरच्या आत काही बांधायचं तर आयोगाची परवानगी लागते.

भारत आणि नेपाळ यांच्यामध्येही असा पट्टा आहे. तिथे त्याला ‘दशगजा’ म्हणतात, कारण दोन्ही देशांनी आपापल्या बाजूला सुमारे दहा गज जमीन मोकळी सोडायची. पण ही सीमा खुली आहे. माणसं रोज ये-जा करतात, शेतं रेषेला भिडलेली आहेत आणि बांध कोरायची सवय देशाची हद्द आली म्हणून सुटत नाही. दशगज्यात पिकं येतात, घरं उठतात, खांब मोडतात किंवा नाहीसे होतात. या सीमेचं मूळ १८१६ च्या सुगौली तहात आहे. १९८१ ते २००७ या काळात दोन्ही देशांच्या संयुक्त समितीनं तिचे १८२ पट्टी-नकाशे तयार केले, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंची अरुंद पट्टी मोठ्या प्रमाणात दाखवणारे नकाशे. त्यात जवळजवळ ९८ टक्के सीमा आली. कालापानी आणि सुस्ता हे दोन भाग वादामुळे बाहेर राहिले. २०१४ मध्ये नवा संयुक्त कार्यगट नेमला गेला. मोडके खांब दुरुस्त करणं, हरवलेले पुन्हा उभे करणं, प्रत्येक खांबाचं स्थान उपग्रहाच्या मदतीनं मोजणं, दशगज्यातली अतिक्रमणं नोंदवणं आणि कुणाची शेती चुकून पलीकडच्या देशात गेली आहे याची यादी करणं, अशी त्याची कामं आहेत. ही शेवटची यादी सगळ्यात नाजूक. खांब सापडला की एखाद्या कुटुंबाला कळतं की आजोबांपासून कसलेली जमीन दुसऱ्या देशाची आहे. मोजणीदाराच्या कागदावर ती एक ओळ असते. त्या घरात ती काय असते, याचा विचार करूनच हे काम सावकाश चालायला हवं असं मला वाटतं.

कधी सीमा इतकी गुंतागुंतीची असते की ती राखताच येत नाही. भारत-बांगलादेश सीमेवर एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाचे तुकडे अशी १६२ ठिकाणं होती, भारताची १११ बांगलादेशात आणि बांगलादेशाची ५१ भारतात. तिथल्या लोकांना स्वतःच्याच देशात जायला परदेश ओलांडावा लागे. शाळा, दवाखाना, पोलीस यांपैकी कुणाचाच धड आधार नव्हता. १९७४ मध्ये करार झाला, पण ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल होईपर्यंत एकेचाळीस वर्षं गेली.

नद्यांचं दुखणं वेगळं. दोन देशांमध्ये वाहणारी नदी असेल तर बहुधा तिच्या सर्वांत खोल प्रवाहाची किंवा पात्राच्या मध्याची रेषा सीमा धरतात. पण नदी सरकते. इथे जुना नियम असा: नदी काठ कुरतडत हळूहळू सरकली तर सीमाही तिच्याबरोबर सरकते. एका पुरात पात्र सोडून भलतीकडून वाहू लागली तर सीमा जुन्या कोरड्या पात्रातच राहते. ऐकायला सोपा, पण प्रत्यक्षात ‘हळूहळू’ आणि ‘एकाएकी’ यांच्यातला फरक कोण सांगणार? रिओ ग्रांदे नदी एल पासो शहरापाशी एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडे सरकत गेली, आणि १८६४ च्या पुरात तर मोठी झेप घेतली. मेक्सिकोची चामिसाल नावाची जमीन त्यामुळे अमेरिकेच्या काठाला लागली. १९११ मध्ये लवादानं ती दोघांत वाटून दिली, अमेरिकेनं निकाल मानला नाही. करार व्हायला १९६३ साल उजाडलं. मग नदीच काँक्रीटच्या पात्रात बंदिस्त केली आणि पाच हजारांहून अधिक लोकांना घरं सोडून हलावं लागलं.

याच्या उलट, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी म्यूज नदी मुद्दाम सरळ केली, त्यामुळे जमिनीचे काही तुकडे चुकीच्या काठाला पडले. बेल्जियमच्या एका तुकड्यावर खुष्कीनं जायचं तर नेदरलँड्समधूनच जावं लागे. तिथे मृतदेह सापडला तेव्हा बेल्जियमच्या पोलिसांना बोटीनं जावं लागलं. शेवटी दोघांनी तुकडे बदलून घेतले आणि १ जानेवारी २०१८ पासून सीमा पुन्हा नदीच्या मध्यावर आली. या व्यवहारात बेल्जियमची जमीन थोडी कमी झाली. त्यावरून कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

बर्फातल्या सीमा आता सगळ्यात वेगानं हलताहेत. आल्प्समध्ये इटली आणि स्वित्झर्लंड यांची सीमा बऱ्याच ठिकाणी पाणलोटाच्या रेषेवर आहे, म्हणजे बर्फ वितळून पाणी ज्या उंचवट्यावरून दोन दिशांना वाटलं जातं त्या रेषेवर. हिमनदी आटली की उंचवटा सरकतो. मॅटरहॉर्नजवळ ३,४८० मीटर उंचीवर गिर्यारोहकांसाठी एक इटालियन विश्रामगृह आहे. थिओडुल हिमनदी आटल्यानं सीमा त्या इमारतीच्या खालून सरकत गेली आणि तिचा मोठा भाग कागदोपत्री स्वित्झर्लंडमध्ये आला. दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी नवी रेषा सुचवली आणि २०२४ मध्ये स्वित्झर्लंडनं तिला मंजुरी दिली. काही उंच भागांत इटलीनं शेजाऱ्यांबरोबर ‘हलती सीमा’ हे तत्त्वच मान्य केलं आहे: पाणलोट जिकडे जाईल तिकडे सीमा. तिथे खांब रोवण्याऐवजी ठरावीक काळानं मोजणी करत राहणं हीच देखभाल.

मग खांब कशाला, सरळ अक्षांश-रेखांशांचे आकडे लिहून ठेवावेत, असं कुणालाही वाटेल. आकडे ठेवतातच, आणि त्यांची मोठी मदत होते. पण आकडा एकटा काही सांगत नाही, तो कोणत्या मापन-चौकटीतला हेही सांगावं लागतं. लंडनच्या ग्रीनिच वेधशाळेत शून्य रेखांशाची पितळी पट्टी आहे. तिच्यावर उभं राहून उपग्रहाचं यंत्र पाहिलं तर शून्य दिसत नाही, कारण आजच्या चौकटीतलं शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला आहे. दोन देशांच्या जुन्या चौकटी वेगळ्या असतील तर एकाच आकड्यानं दोन वेगळ्या जागा दाखवल्या जातील. शिवाय जमीन स्वतः हलते. २०१५ च्या भूकंपात काठमांडू परिसर दीडेक मीटर दक्षिणेला सरकला. अशा ठिकाणी खांब जमिनीबरोबर जातो, आकडा मागे राहतो. म्हणून संयुक्त पथकं आधी एक चौकट ठरवतात, एकाच दिवशी एकाच खांबावर दोघांची यंत्रं लावतात आणि दोघांचे आकडे जुळले की मगच नोंदवहीत सही करतात.

नुसत्या आकड्यांची सीमा करून पाहिली गेली आहे. इथिओपिया आणि इरिट्रिया यांच्या सीमा आयोगानं २००२ मध्ये निकाल दिला, पण जमिनीवर खांब रोवू दिले गेले नाहीत. शेवटी आयोगानं आकड्यांची यादी प्रसिद्ध केली आणि २००७ च्या अखेरीस सीमांकन झालं असं मानून काम थांबवलं. कायद्याच्या दृष्टीनं रेषा पूर्ण होती. सीमेवरच्या गावांत मात्र त्यानंतरही सैन्य समोरासमोर उभंच राहिलं.

फ्रान्स आणि स्पेन यांनी दुसरी वाट धरली. पिरेनीज पर्वतातली त्यांची सीमा १ ते ६०२ अशा क्रमांकांच्या खुणांनी आखलेली आहे आणि सीमेवरच्या गावांचे प्रतिनिधी मिळून त्या तपासण्याची पद्धत आहे. २६२ क्रमांकाच्या खुणेपाशी दरवर्षी १३ जुलैला फ्रान्सच्या बारेतू खोऱ्यातली माणसं स्पेनच्या रोंकाल खोऱ्याला तीन गायी देतात. कुरणं आणि पाण्यावरून झालेल्या भांडणाचा १३७५ मध्ये जो निवाडा झाला, तो अजून असा पाळला जातो. आयोग नव्हते, नकाशे नव्हते तेव्हाही शेजारी ठरलेल्या दिवशी शिवेवरच्या दगडापाशी येत होते.

उत्तर युरोपातले देश हे काम ठरावीक वर्षांनी करतात. स्वीडन आणि फिनलंड दर पंचवीस वर्षांनी आपली सगळी सीमा एकत्र तपासतात. त्यांच्यामध्ये समुद्रात मार्केट नावाचं एक इवलंसं खडकाळ बेट आहे, तेही १८०९ च्या तहानं दोघांत वाटलेलं. १८८५ मध्ये फिनलंडच्या बाजूनं तिथे दीपस्तंभ बांधला गेला, पण तो उभा राहिला स्वीडनच्या अर्ध्यात. शंभर वर्षांनी, १९८५ मध्ये, दोघांनी सीमेला असं नागमोडी वळण दिलं की दीपस्तंभ फिनलंडमध्ये आला, दोघांचं क्षेत्रफळ तेवढंच राहिलं, आणि मासेमारीच्या हक्कांना धक्का नको म्हणून किनाऱ्यावरची टोकंही होती तिथेच ठेवली. या बेटावर खांब नाहीत. हिवाळ्यात समुद्राचा बर्फ खडकावर चढतो आणि वर आलेली कुठलीही वस्तू खरवडून नेतो. म्हणून सीमा दाखवण्यासाठी खडकात भोकं पाडली आहेत. २००६ मध्ये दोन्हीकडची माणसं ती तपासायला गेली होती. पुढची पाहणी २०३१ मध्ये आहे.